मुलीचा फॉर्म

…आणि मुलाच्या फॉर्मवर ह्यांनी एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, असं भिंतीला टेकून सही ठोकली, वाचलासुद्धा नाही, तुम्हाला सांगते, वाचलासुद्धा नाही! आणि मुलीचा हातात घेतला तर म्हणे, "थांब, हे जरा बघायला पाहिजे." काय बघायला पाहिजे? जुळी आहेत हो माझी, बारा वर्षांची, शाळेतून एकाच दिवशी दोन फॉर्म आले, एचपीव्हीची लस, कागद तोच, सुई तीच…

मग बघणं सुरू झालं. ह्यांनी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, तोही मुलीच्याच फॉर्मचा. लगेच थोरल्या वन्संचा फोन, "अगं, एवढ्याशा पोरीला असली लस? कशासाठी असते माहितेय ना?" मला कुठलं माहीत, मी लॉन्ड्रीत इस्त्री करणारी, म्हटलं, "कशासाठी, वन्सं?" तर आवाज एकदम खाली, "फोनवर नको." दीर म्हणाले, "पुढे मूलबाळ होत नाही म्हणतात." कोण म्हणतात? "म्हणतात." ह्यांच्या मामांचं हार्डवेअरचं दुकान, ते म्हणाले, "आधी दुसऱ्यांना वापरून बघू दे." म्हटलं, मामा, मुलालाही तीच टोचणार आहेत. तर म्हणे, "त्याचं काय, तो मुलगा आहे." अहो पण कागद तोच, सुई तीच…

अकरा दिवस गेले. बारावा दिवस शेवटचा, आणि पोरगी रोज विचारते, "आई, दादाचा गेला, माझा का नाही? माझं काही चुकलं का?" काय सांगू तिला? पाच मिनिटांनी मोठा, त्याला दादा म्हणते बिचारी.

आणि त्या अकराव्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टर कोट न्यायला आल्या. दर आठवड्याला येतात हो! जगाला विचारत बसले आणि जिच्या कॉलरी मी कडक करते तिला विचारायचं सुचलं नाही मला. त्या म्हणाल्या, "ताई, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा ह्याच विषाणूमुळे होतो. विषाणू गाठायच्या आधी लस द्यायची, म्हणून लहानपणी. हेल्मेट काय पडल्यावर घालता? मुलग्यांनाही त्याचे आजार होतात, म्हणून दोघांना."

"आणि मूलबाळ?"

"त्याचा काही संबंध नाही."

झालं. चौथ्या कोटाची घडी व्हायच्या आत संपलं. सही कुणाची लागते विचारलं, तर म्हणाल्या, "आईची चालते की." आईची चालते. अकरा दिवस फॉर्म माझ्याच पर्समध्ये होता.

तिथंच, इस्त्रीच्या टेबलावर सही केली. टोचताना दादाला घेरी आली, पोरीनं त्याला पाणी पाजलं.

ह्यांना सांगायला गेले, तर म्हणाले, "थांब, मामांचं येऊ दे." काल आलं मामांचं, ग्रुपवर, "घाई नको." मी लिहिलं, "बरं." दुसरा डोस सहा महिन्यांनी आहे, तोपर्यंत पहिल्याचं ठरेल त्यांचं.