बाईंचं प्रगतिपुस्तक

दातांच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारी एक निवृत्त बाई आणि त्यांचा टक्कल पडलेला विद्यार्थी बोलत होते.

“बाई, निकालाच्या दिवशी तुम्ही स्वतःचं सातवीचं प्रगतिपुस्तक वर्गात लावलं होतं, आठवतं?”

“न आठवायला काय झालं! गणितात नापास, लाल रेघेसकट. मुख्याध्यापकांनी डोळे वटारले होते.”

“आम्हाला मात्र धीर आला.”

“पण दुपारपर्यंत कुणीतरी ते पळवलं रे.”

“मीच, बाई. मीही नापास होतो. घरी बाबांचा पट्टा ठरलेला. म्हटलं, आधी तुमचं दाखवावं.”

“अरे चोरा! मग, चुकला पट्टा?”

“बाबांनी ते उलटसुलट करून वाचलं. मग स्टुलावर चढून माळ्यावरची पेटी काढली आणि स्वतःचं प्रगतिपुस्तक माझ्या हातात ठेवलं. तेही गणितातच नापास, बाई.”