बाबांच्याच मशीनवर

(वडील गेल्यानंतरची त्यांची कामाची खोली. मुलगी आणि वडिलांचे जुने सहकारी, काका.)

मुलगी : खुर्ची घ्या काका, पण जरा मागे. कीबोर्डला हात मी लावणार.

काका : म्हणजे मी चोर ठरलो.

मुलगी : तसं म्हटलं नाही मी.

काका : म्हणायचं काय राहिलंय? तू रांगत होतीस तेव्हापासून या घरात येतोय.

मुलगी : म्हणूनच समोर बसवून विचारतेय. बाबांनी तुमच्या दोघांच्या, मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामची शेवटची आवृत्ती काढली. ते गेले, आणि ती कुणाकडेच बिल्ड होईना. ती मागे घ्या असं नेटवर सगळ्यांत आधी कुणी लिहिलं? तुम्ही.

काका : अगं, कोडपासून चालता प्रोग्रामच तयार होत नाही म्हटल्यावर काय करू? दृष्टी नसलेली माणसं त्याच्यावर वाचून घेतात. त्यांना काय तोंड दाखवू?

मुलगी : लोक लिहितायत, आजारपणात म्हाताऱ्याचं डोकं चालेनासं झालं होतं. त्यावर तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत.

काका : मलाही वाटलं, की...

मुलगी : काय वाटलं?

काका : चालव तू. दाखव काय दाखवायचंय ते.

मुलगी : बघा. नेटवरून कोडची नवी प्रत उतरवली, बाबांच्या मशीनवर. बिल्ड लावला... झाला. आता तीच प्रत माझ्या लॅपटॉपवर... अडकला. ‘लाँग पॉज’ नावाचं फंक्शन सापडत नाही म्हणतो. तुम्ही काढलंत ना ते?

काका : डोकं जरा शांत ठेव. प्रत तीच ना? मी काही काढलं असतं, तर इथेही अडकायला हवं होतं.

मुलगी : मग इथे ते सापडतं कुठून?

काका : मशीनलाच विचार. कुठून काय उचललं ते तपशिलात दाखवायला सांग. हां, वर जा. अजून वर.

मुलगी : आवाजाची लायब्ररी, बोलायचं तयार कोड असलेली. म्हणजे तुमचीच!

काका : माझीच. पण माझ्या लायब्ररीत असलं फंक्शन नाही. ही तुझ्या बाबाने स्वतःपुरती बदलून ठेवलेली प्रत दिसते. उघड बरं.

मुलगी : आहे यात. दोन वाक्यांमधला थांबा लांबवायचं फंक्शन. बाबांनीच लिहिलंय. पण तुमच्या लायब्ररीत हात घालायचा आणि तुम्हाला सांगायचंही नाही, हे बाबांचं वागणं नाही.

काका : सांगितलं होतं त्याने. मी नाही म्हटलं. हवंय कशाला उगाच, प्रोग्राम रेंगाळेल म्हटलं. त्याने पुन्हा विषय काढला नाही.

मुलगी : त्यांना शेवटी दिसत नव्हतं नीट. पेपरसुद्धा यावरच ऐकायचे. म्हणायचे, हा गडी वाक्य संपलं तरी दम घेऊ देत नाही.

काका : मला बोलला नाही हे.

मुलगी : तुम्ही विचारलंत?

काका : नाही. हौस वाटली मला त्याची.

मुलगी : मग शेवटच्या आवृत्तीत ते आलं कसं?

काका : भांडण नको म्हणून आपल्या मशीनपुरतं करून घेतलं असणार. मग अंगवळणी पडलं. नवं लिहिताना तेच फंक्शन वापरून मोकळा झाला. ते दुसऱ्या कुणाकडे नाहीच, हे इथे बसून कळणार कसं? इथे सगळं सुरळीतच चालत होतं.

मुलगी : म्हणजे डोकं शाबूत होतं.

काका : अगदी शेवटपर्यंत.

मुलगी : हे लिहा. सगळ्यांना दिसेल असं. तुमच्या नकारासकट.

काका : लिहितो. आणि ते फंक्शन लायब्ररीत घेतो, म्हणजे सगळीकडे बिल्ड होईल.

मुलगी : आता घेता?

काका : मार टोमणे. तुझा हक्कच आहे. पण त्यात मला थोडं जुळवून घ्यावं लागेल, आणि एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं आमचं ठरलेलं होतं. आता दुसरा कुठून आणू?

मुलगी : मी तपासते.

काका : तुला जमेल?

मुलगी : अडेल तिथे विचारेन. फक्त एक, काका. पटलं नाही, तर मी बाबांसारखी गप्प बसणार नाही.