डोंग्यावरचा निंब

सकाळी साडेसातला आमचा डोंगा वैनगंगेच्या वाळूत रुतला. यंदा पाऊसच नव्हता. बाळाला घेऊन चार महिने डोंग्यावर राहायचं, गावोगाव मीठ विकायचं, शेवटी माझ्या माहेरी आईकडं जायचं, असं ह्यांनी ठरवलेलं. आता उतरणं भाग होतं.

काठावरचा म्हातारा ओरडला, "थांबा जी. डोंग्याले निंबाचा डहाळा काऊन बांधला? साथीचा बिमार घेऊन चालले काय?"

"बिमारी येऊ नये म्हणून मायनं बांधला," हे म्हणाले.

"आमच्या गावात बिमाराच्या दारावर बांधतेत. तोडा, मंग उतरा."

ह्यांनी निंब तोडला. मी बाळाला उचललं, तेवढ्यात म्हाताऱ्याच्या मागची घरं दिसली. दारोदारी निंब.

"बाबाजी, हे काय जी?"

म्हातारा खाली पाहत म्हणाला, "वापस जाय, पोरी."

डोंगा ओढत आम्ही घरी परतलो. माझ्या माहेराकडं कोणी जात असाल, तर आईला सांगा: आम्ही येत नाही, तूही घर सोडू नकोस.