सूपभर जवारीला दिलेला लेक

न्हाई न्हाई साहेब, त्या बाजंवर नका बसू, तिची सुतळी सैल झालीय — हितं खुर्चीवर बसा. मी उभीच बरी. बसलं की चैन पडंना मला सकाळपासून. तर काय इचारलं तुमी — आमच्या बन्सीधरचं वळण कसं? चांगलं हाय की. लय चांगलं. आता दिल्लीहून थेट हितवर, ताडकळसच्या पुढं त्या खडखड्या एस्टीतनं तुमी आलात म्हणजे काम मोठं असणार, एवढं कळतं मला. विमानदळात ग्रुप कॅप्टन हाय तो, चार पट्ट्या. लोकं इचारतात, विमान चालवतो का — न्हाई चालवत. यंत्रापुढं बसतो. वर आभाळात ते उपग्रह फिरतात ना, आपले किती, दुसऱ्याचे किती, कोणता कवा आपल्या डोक्यावरून जायलाय, ते बघायचं खातं. त्या खात्याचा मोठा साहेब व्हायचाय आता, अन् त्यासाठीच तुमची ही तहकीकात. बरोबर ना? मंग लिवा — पार्वतीबाईचा एकुलता एक लेक, गुणाचा, कुणाच्या अध्यात न मध्यात.

माझ्या उपासांनीच चढला म्हणा ना तो. हसू नका. परभणीच्या शाळेतून हैदराबादला गेला, तिथून विमानदळात, पहिली पट्टी आली — मी सोमवार धरला. दुसरी आली, गुरुवार धरला. डोंगरावर रडारच्या यंत्रापाशी तीन वर्षं बर्फात काढली, तवा चतुर्थी. रशियाला शिकायला धाडलं, तवा एकादशी, निर्जळी. आमची जाऊ केशरबाई म्हणायची, "पारवते, अजून दोन पट्ट्या आल्या तर तुला जेवायला वारच उरायचा न्हाई." तोंडाची लय तिखट. एकदा हौदावर, समद्या बायांत म्हणली, "वरून समदं दिसतं म्हणं तुझ्या लेकाला, मंग आपल्या गल्लीतलं बी दिसत असंल." मला घागर उचलंना. का उचलंना ते — ते जाऊ द्या.

काय? सरजाबाई? कोण सरजाबाई? गावात बाया असतात की कितीतरी. बौद्धवाड्यातली? असंल. खुरपायला यायची आमच्या रानात, त्याचं काय? मागं रशियाच्या वक्ताला, एकोणऐंशीत, असेच एक साहेब आलते, त्यांना समदं सांगितलंय मी. आमचा तिचा काई संबंध न्हाई. तुमच्याकडं लिवलेलं असंल ते. हाय ना? मंग झालं की.

कोणता कागद? वाचून दाखवा, पोथी वाचते मी पर इंग्रजी येत न्हाई. आई — पार्वतीबाई. हां. अन् खाली? सांभाळणारी आई — सरजाबाई. ह्यानं लिवलं? बन्सीनं? सरकारी कागदावर? येडा हाय का हा! एवढ्या पट्ट्या चढल्या अन् एवढी अक्कल न्हाई —

ऐका साहेब, गैरसमज करून घेऊ नका. जुनी रीत ती. माझी तीन लेकरं बारशाच्या आत गेली, चवथा हा. निजामाचं राज होतं तवा. सासूबाई म्हणल्या, ह्याला विका. खरं विकणं न्हाई हो — आपलं लेकरू हुडकत मरण ज्या घराकडं ढुंकून बघायचं न्हाई, अशा घरी लेकरू द्यायचं, सूपभर जवारी घ्यायची अन् म्हणायचं, आमचं न्हाई हे. नाव बी वंगाळ ठेवायचं. उकंडा म्हणायचो आमी ह्याला. सरजाबाईचं लेकरू नुकतंच गेलं होतं, अंगावर दूध होतं. दीड वर्ष पाजलं तिनं. पाजायला बसायची ती आमच्या अंगणात, पावसात बी अंगणातच, गोणपाट पांघरून. वर ये म्हणलं न्हाई कुणी. मी बी न्हाई. लग्नाच्या वक्ताला तेवढीच जवारी परत द्यायची अन् लेक सोडवून आणायचा, अशी रीत. पर ह्यानं लग्न केलं तिकडं बंगळुरात, रजा न्हाई म्हणला. द्यायचं राहून गेलं. म्हणजे रीतीनं बघितलं तर — तर तो अजून तिचाच हाय.

मंग संबंध न्हाई असं का सांगितलं? भिऊन, दुसरं काय. अठ्ठ्याहत्तरात विद्यापीठाच्या नावावरून पेटलं नव्हतं का, त्यानंतर तिच्या लेकावर, पंडितवर, मोर्चाची केस झाली. म्हणलं, पोलिसात नाव असलेल्या घराशी नातं निघालं तर ह्याचं रशियाला जाणं मोडंल. एवढंच. दुसरं काई न्हाई. आमच्या गावात बी आलते की लोक, दिवसाढवळ्या, बौद्धवाड्यातली घरं पेटवली. ती धावत आली माझ्या मागच्या दाराला, संगं पोटुशी सून. "बाई, दार उघडा," म्हणली. मालक म्हणले, उघडू नको, गावाशी वाकडं —

थांबा. ते लिवू नका. मालक गेले आता, गेलेल्या माणसावर कशाला ढकलू. मालक त्या दिशी पालमला बहिणीकडं गेलते. घरात मी एकटी. पूजेला बसलेली, उठले, दारापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला — अन् तसाच ठेवला. तिचा श्वास ऐकू यायलता मला फटीतून. मंग पावलं गेली. दोन दिवस दोघी जवारीच्या रानात भिजत बसल्या. विकायला तिचं घर चाललं मला, साहेब. अन् माझं घर तिला एका दुपारपुरतं —

बन्सीला कळलंच. पत्र येतं त्याचं, खुशाली लिवतो, पर दहा वर्षांत ह्या घरात पाऊल न्हाई. एकदा गावात आला, तिच्याकडं जेवला, तसाच एस्टीत बसला. मला शेजारणीनं सांगितलं. त्या दिशी बी उपासच होता माझा. म्हणलं, देव बघंल, ह्याच्या मनातलं निवळंल. अजून म्हणते.

काय? आधी तिच्याकडंच जाऊन आलात? मंग मला का — काय म्हणली ती? "मी रोजगाराची बाई, त्यांच्या लेकाला वळखत न्हाई." असं म्हणली? सरजा असं म्हणली? त्यालाच वाचवायलीय ती. तिला वाटलं असंल, आपल्या नावानं पोराचं अडंल. माझ्यासारखंच — न्हाई, माझ्यासारखं न्हाई ते.

अन् मंग आता? दोन आया म्हणतात न्हाई, तो एकटा म्हणतो हाय. तुमच्या कागदात खोटा कोण ठरला? बोला की. तो? त्यानं खरं लिवलं अन् तोच खोटा? अन् खोटं लिवणाऱ्याला ते खातं देत न्हाईत... देवा. मी उपासाचे सगळे वार केले अन् त्याच्या वाटंत आडवी मीच आले.

खोडा. माझं मागचं बयान खोडा साहेब. लिवा — पार्वतीबाई खोटं बोलली. लेकरू सरजाबाईनं पाजलं, वाढवलं, ती त्याची आई. कडी मी काढली न्हाई ते बी लिवा. कागदाला लागो न लागो, लिवा. कुठं सही करू? हितं?

माझ्या एकटीचं बयान चालत न्हाई? तिचं बी पायजे? तुमच्यापुढं ती कबूल व्हायची न्हाई, मरंल पर व्हायची न्हाई. मला जाऊ द्या. न्हाई, तुमी येऊ नका संगं, सरकारी माणूस दिसला की बोलायचीच न्हाई ती. माझ्याशी तरी बोलंल का? बोलंल. बोलंल ती. बन्सीसाठी बोलंल. डोक्यावर पदर नीट हाय ना माझ्या? तुमी हितंच बसा. किती वेळ म्हणून काय इचारता — दोनशे पावलांचा रस्ता, दहा वर्षं लागली मला उठायला. बसा म्हणलं ना.