काही राहिलं नाही, कॅप्टन

नाही नाही, तिकडे नको, तो बाक डुगडुगतो, इकडे ये, इथे बस. अहो-जाहो करू का तुला? माझ्या मुलाच्या खोलीत राहतोस, त्याच्याच बरोबर लिफ्ट दुरुस्त करत फिरतोस, वयानेही तेवढाच — मग झालं तर, तू. आणि पूल कुठेय, पूल कुठेय, हे काय लावलंयस मघापासून? समोर बघ ना. ओढ्याच्या काठाला लाकडं रचलीत, लांब खाली, आखूड वर, टोकाला टोक लावून — दिसली? तोच आमचा पूल. सकाळी पूल होता, आता लाकडं आहेत. फोटो काढून आण म्हणालाय ना तो? काढ मग. लाकडांचा काढ. दोऱ्यांचाही काढ, त्या बघ तारेवर, धुऊन वाळत घातल्यात. धुऊन, कळलं का! हसू नकोस. हस, हस, तूच तेवढा राहिला होतास. चहा घे, किटलीतला आहे, जरा कडक झालाय — आणि हा दुसरा कप कुणाला मागितलास? असू दे, असू दे, झाकून ठेवते, माश्या फार आहेत इथे.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुला वाटायचं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. आम्ही चर्चचं पथक. स्काऊटची मुलंमुली, सगळी दहा-बारा वर्षांची, मी त्यांची कॅप्टन, आणि वर आमचे पाळकसाहेब. दर वर्षी शिबिर आपल्या आपल्यातच होतं, या वर्षी चर्चच्या मंडळीने ठरवलं, मुलांना परदेशी न्यायचं, सेवेला. आता सेवा म्हणजे काय करायचं? पाळकसाहेब म्हणाले, गाणी बसवू, बायबलच्या गोष्टींवर नाटुकली करू. मी म्हटलं, साहेब, गाणी म्हणून येऊ आणि आपली पाठ वळली की लोक विसरतील, काहीतरी बांधू या, मागे राहील असं. हे माझे शब्द बरं का — मागे राहील असं! आणि इथल्या शाळेचं बघतोयस ना, वर्ग अलीकडे, पाण्याचे नळ पलीकडे, मधे हा ओढा. खोल नाही, पण चिखल केवढा. पोरं तहान लागली की चपला हातात घेऊन जातात आणि बरबटलेल्या पायांनी वर्गात येतात, मग त्यांच्या बाई ओरडतात. म्हटलं, पूल बांधू. लाकडं आणि दोऱ्या, खिळा एक नाही. आणि बांधला रे त्यांनी. हाताला फोड आले, एकाने रडून घेतलं, दुसरा घरी फोन लावून द्या म्हणून हटून बसला, पण बांधला. मी वरून चालून बघितला, हा एवढासासुद्धा हलला नाही.

आता ऐक. आमच्यात एक रीत आहे. शिबिरात पोरं काठ्यादोऱ्यांचं काय काय बांधतात — चपलांना घोडी, भांड्यांना मांडणी, टॉवेलना दांडी. शेवटच्या दिवशी ते सगळं उतरवायचं, गाठ न गाठ मोकळी करायची, खड्डे बुजवायचे, वर गवताचा तुकडा होता तसा बसवायचा. इथे कुणी राहून गेलं, हे मागून येणाऱ्याला कळता कामा नये. पहिल्या शिबिरापासून मी हे त्यांच्या डोक्यात घालते, पोरं अगदी सुतासारखी सरळ केलीत. तर आज सकाळी उद्घाटन झालं, फीत कापली, इथली पोरं कोरड्या पायांनी पलीकडे जाऊन पाणी पिऊन आली — मला भरून आलं, खोटं कशाला बोलू — आणि मोठी माणसं समारोपासाठी आत गेली. जाता जाता मी गटनायकांना नेहमीसारखं सांगितलं, आम्ही बाहेर येईपर्यंत मैदान साफ हवं, बांधलेलं सगळं उतरवा. सगळं! तोंडातून निघून गेलं. आता सगळं म्हणजे पूलसुद्धा, हे कुणाच्या स्वप्नात तरी येईल का? तुझ्या येईल? त्यांच्या आलं. आणि आत पाळकसाहेब बोलायला उभे राहिले. देवमाणूस आहे, पण एकदा उभा राहिला की बसायचं विसरतो. थोडं आधी आटोपतं घेतलं असतं, तर निदान अर्धा पूल वाचला असता.

बाहेर आलो तर आमची चिमणी — ती बघ ती, दोन वेण्यांची, सगळ्यांत बुटकी — टाचा जुळवून, सलाम ठोकून समोर उभी. म्हणते, काही राहिलं नाही, कॅप्टन! आणि खरंच नव्हतं रे काही. लाकडं रचलेली, दोऱ्या धुतलेल्या, खांबांचे खड्डे बुजवलेले, वर गवत, फितीचा तुकडासुद्धा कुणीतरी उचललेला. आणि ओढ्याच्या पलीकडे इथल्या मंडळीतले एक वयस्कर गृहस्थ, हातात चहाचा कप घेऊन उभे. बिचारे नवीन पुलावरून फेरफटका मारायला गेले होते, परत फिरून बघतात तर पूलच नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि इथल्या लोकांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, हासुद्धा कार्यक्रमातलाच भाग. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाले, कॅप्टनबाई, शिस्त मात्र वाखाणण्यासारखी आहे हं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण ओरडू कुणावर? पोरं रांगेत उभी, घामाघूम, शाबासकीची वाट बघतायत. त्यांनी माझंच ऐकलं होतं.

आणि एक सांगू, पाळकसाहेबांना नाही सांगितलेलं. तो मोकळा काठ बघून आधी माझ्या मनात काय आलं, माहितीये? शाबास. काय सफाईने केलंय, शाबास. राग नंतर आला. हे असं मला दुसऱ्यांदा झालं बघ. पहिल्यांदा — माझ्या मुलाने सांगितलं असेलच तुला. नाही? काहीच नाही? एका खोलीत राहता आणि आईचा विषयच निघत नाही कधी? ... बरं. तसाही तो कमीच बोलतो. तो घरातून गेला ना, तेव्हा मी मैदानावर होते, कवायत चालू होती. घरी आले तर त्याची खोली उघडी. गादी गुंडाळलेली, कपाट आतून पुसलेलं, भिंतीवरची चित्रं काढलेली, आणि खिळ्यांची भोकं — ती साबणाने बुजवलेली, मी शिकवलेलं तशी. मी दारात उभी राहून खोली तपासली. सवय रे! पलंगाखाली वाकून बघितलं, खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं. धुळीचा कण नाही. शाबास, म्हणाले मी, चांगलं मोठ्याने, रिकाम्या खोलीत. मग तिथेच फरशीवर बसले. एखादा मोजा तरी विसरायचा ना त्याने. विसरलेली वस्तू घ्यायला माणूस परत येतो, निदान ठेवून दे म्हणून फोन तरी करतो. मला काही धरायलाच नाही ठेवलं.

भांडण? छे, भांडण कसलं? तुम्हा मुलांना प्रत्येक गोष्टीत भांडणच दिसतं. सकाळी शिट्टी वाजवून उठवायचे त्याला, बास. कुठल्या ना कुठल्या आवाजाने सगळ्याच आया उठवतात. मैदानावर आई म्हणायचं नाही, कॅप्टन म्हणायचं, हा नियम सगळ्यांना सारखा, माझ्या मुलाला वेगळा कसा लावू? लोक काय म्हणाले असते? पुढे तो घरीही कॅप्टन म्हणायला लागला. ते काय मी सांगितलं होतं? जेवताना, भाजी वाढा कॅप्टन. तापाने फणफणला होता एकदा, तेव्हासुद्धा, पाणी द्या कॅप्टन. मी म्हटलं, गंमत करतोय. मला वाटलं, गंमतच करतोय.

आणि हाच देश का, असं मंडळीने विचारलं, तर मी म्हटलं, हवा चांगली आहे. हवा! आल्यापासून चिखल तुडवतोय, दोन पोरं खोकतायत. त्याचं राहायचं ठिकाण इथून जवळच आहे, हे मला इथे आल्यावरच कळलं — म्हणजे, नकाशावर बघितलं होतं. बघायला काय जातं? उद्घाटनाला येतो म्हणाला होता. म्हणाला नव्हता, बघतो म्हणाला होता. मग आज तू आलास, ड्युटी लागलीय म्हणालास. लागते, ड्युटी लागते. हे मलम दिलंय त्याने? गुडघ्याचं? माझा गुडघा लक्षात आहे होय त्याच्या.

गाठी मात्र त्याच्या फार चांगल्या. फक्त एक खोड. लाकडाला लाकूड बांधताना तीन वेढे पुरतात, सगळ्या जगाला पुरतात, हा चौथा घालणारच. मी म्हणायचे, सोड, परत बांध. तो म्हणायचा, दोरी ओली असली तर वाळल्यावर सैल पडते, कॅप्टन, एक वेढा जास्त असू दे. मी म्हणायचे, ओल्या दोरीने आपण कशाला बांधायला जातोय? सोड. सगळ्यांसमोर सोडायला लावायचे. आणि आज बघ! पोरांनी दोऱ्या धुऊन ठेवल्यात, ओल्याचिंब, संध्याकाळी आमची बस, आणि त्याच्या आत पूल परत उभा करायचाय. तीन वेढ्यांनी बांधला तर दोन दिवसांत खिळखिळा होईल आणि इथलं एखादं पोर पाणी प्यायला जाताना तोंडावर आपटेल. चौथा वेढा माझ्या पोरांनी आयुष्यात घातलेला नाही. मधल्या खांबाशी चिखलात उतरून कुणीतरी मोठ्या माणसाने बांधायला हवं. माझा गुडघा हा असा. पाळकसाहेबांना तर बुटाची नाडी धड बांधता येत नाही. तुला येतं? नाही ना.

मग सारखा त्या गाडीकडे काय बघतोस? बघू नकोस, मीही मघापासून बघितलेली नाही. झाडाखाली लावलीय, काचा वर, आणि आत कुणीतरी खाली मान घालून फोन बघतंय, असं मी अजिबात बघितलेलं नाही. मान अशी डावीकडे कलती ठेवून बसायची सवय असते काही जणांना, लहानपणापासून, कितीही सांगा. ऊठ. हा कप घे, बशी काढू नकोस. आणि गाडीत जो कुणी असेल त्याला सांग, ओढ्यात माणूस कमी पडतोय, चार वेढे घालता येत असतील तर ये म्हणावं. बूट काढून ये, चिखल आहे. मी पोरांकडे तोंड करून उभी राहते, मागे वळून बघणार नाही, काही विचारणार नाही. वेढे मोजणार नाही. आणि हे बघ — इथे कुणीही कॅप्टन म्हणायची गरज नाही, तेवढं सांग. नाही, ते नको सांगू, ते राहू दे. जा ना आता, उभा काय राहिलास? त्याचा चहा गार होतोय.