चाराला तीननं कोण गुणणार?

नाही, मला एक सांगा, ओला टॉवेल कधी पलंगावर, कधी खुर्चीवर फेकणाऱ्या माणसानं लोकांच्या पोरांना 'प्रत्येकाची जागा ठरलेली असते' हे शिकवावं का? आमचे हे शाळेत गणित शिकवतात, शिकवू देत, पोटापाण्याचा प्रश्न आहे, पण बीजगणितात कच्ची असलेली पोरं संध्याकाळी घरी बोलावतात, माझ्या जेवणाच्या टेबलावर, आणि त्यांना समीकरणं प्रमाण रूपात लिहायला शिकवतात! म्हणजे काय, तर सगळ्यांना आपापल्या जागी बसवायचं. एक्स आधी, मग वाय, नुसता आकडा बरोबरच्या पलीकडे, अपूर्णांक ठेवायचा नाही आणि एक्सच्या डोक्यावर वजा नको. आहे की नाही शिस्त? आणि ह्यांचा चष्मा? परवा फ्रिजमध्ये सापडला हो, भाज्यांच्या कप्प्यात!

पण माझं दुखणं ते नाहीच. माझं दुखणं म्हणजे तो आवाज! तुम्हाला सांगते, एक चष्मेवाली मुलगी येते. तिचं गणित काय, तर वाय बरोबर दोन तृतीयांश एक्स वजा चार. आता छेदातला तीन घालवायचा तर सगळ्यांनाच तीननं गुणायला हवं ना? ही बया वायला गुणते, एक्सला गुणते आणि चाराला तसाच सोडते. रोज! भिंतीनंसुद्धा डोकं आपटून घेतलं असतं. आणि आमचे हे? खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसतात आणि लोण्यासारख्या आवाजात म्हणतात, "चुकलं तर चुकलं, बाळा, परत मांडूया. त्या बिचाऱ्या चारानं काय पाप केलं? त्याला कोण गुणणार?"

चुकलं तर चुकलं! आणि माझ्या हातून आमटीत चिमूटभर मीठ जास्त पडलं की? "इतकी वर्षं झाली, अजून अंदाज येत नाही?" तेव्हा कुठे जातो हो तो आवाज? तेव्हा नाही परत मांडत!

जळते मी, सरळ सांगते. सवत परवडली, निदान तिच्याशी भांडता तरी येतं. ह्या पोरीच्या दोन वेण्या, नाकावरून घसरणारा चष्मा... हिच्याशी काय भांडणार? उलट मीच तिला खाऊ देते आणि देता देता जळते.

शेवटी एकदा म्हटलं, बस झालं. पदर खोचला आणि बसले टेबलाशी, त्या पोरांच्या रांगेत. "मलाही शिकवा." पोरं फिदीफिदी हसली. ह्यांनी तेच गणित दिलं. मी गुणलं, चाराचे बारा केले, एक्सला अलीकडे आणलं, पुढे वजा आला तर सगळ्यांची चिन्हं उलटी केली. दोन एक्स वजा तीन वाय बरोबर बारा! शाळेत पहिली यायचे मी गणितात, गंमत नाही! लगेच वही पुढे केली. तर हे म्हणतात कसे, "बरोबर. पुढचं." बस! मान वर केली नाही! आणि खुर्ची ओढून निघाले चष्मेवालीकडे, "चुकलं तर चुकलं, बाळा..."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसऱ्या दिवशी मी काय केलं असेल? गपचूप चार तसाच सोडला! अहो, हात धजेना, बारा लिहायला बोटं नुसती शिवशिवत होती, पण दात-ओठ खाऊन लिहिलं चार. ह्यांनी वही बघितली, थबकले, खुर्ची ओढली... माझ्याकडे! अगदी खेटून बसले, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि म्हणाले, "चुकलं तर चुकलं गं. परत मांडूया." काय सांगू तुम्हाला! डोळ्यांत पाणीच आलं. ह्यांना वाटलं, गणित अवघड गेलं. म्हणून आणखीच हळू समजावलं!

तेव्हापासून रोज चुकते. पण चुकणंही सोपं नसतं बरं का! चष्मेवाली काय सहज चुकते, जळफळाट होतो नुसता. आणि परवा तर तिचंही बरोबर आलं. आता वर्गात कच्ची अशी मी एकटीच.

काल शेजारणीला हे दारात सांगत होते, मी आतून ऐकलं, "आमची मनानं फार चांगली आहे हो, पण गणितात अगदी ढ!" ढ? मी? जिभेवर आलं होतं सगळं... पण गिळलं. म्हटलं, जाऊ दे. हुशार होते तेव्हा माझ्या शेजारी खुर्चीवर ह्यांचा ओला टॉवेल असायचा. आता निदान हे तरी बसतात!