अण्णाचा दुधाचा गिलास

आमी मूळचं राधानगरीकडचं, दोघं भाव. थोरला अण्णा म्हशी घिऊन हितं आला आनि म्हशीतच ऱ्हायला, मी शिरोलीला फौंड्रीत लागलो. त्येचा गोठा माझ्या दारापासनं हाकंवर. बायको गेली माझी, लेक मुरगूडला दिली, मागं मी एकटा, खरं अण्णा हाय म्हनून काय वाटायचं न्हाय.

मग ह्ये पोटाचं झालं. काय सांगू तुमास्नी पावणं, ड्युटीवर कळ आली ती असली आली की उभं ऱ्हाता येईना, दवाखान्यात नेलं तर म्हनले आतड्याला पीळ पडलाय, काळं पडलंय, आनि बारकं आतडं निम्म्याच्या वर कापून काढलं, उरल्यालं जोडून दिलं. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाईस्नी इचारलं, आता खायाचं काय, तर म्हनल्या खावा, खरं थोडं थोडं, अन्न अंगाला लागायची जागाच कमी झालीया. आमच्या गावाकडं उताराच्या रानात पाऊस कितीबी पडू दे, मुरायच्या आधीच पाणी पळतंय, तसलं झालं. जेवलो की पळ संडासला. नुस्तं पाणीबी घटाघटा प्यायचं न्हाय, मीठ-साखरेचं, घोट घोट. एक इंजेक्शान तर दर म्हैन्याला, जल्मभर, कारण त्ये जीवनसत्त्व आतड्याचं शेवटचं टोक वडून घेतंय आनि नेमकं त्येच कापलंय. कामबी सुटलं. लग्नाकार्याला जायाचं सोडलं, पंगतीतनं मदीच उठायला लाज वाटती.

खरं अण्णाला कुठलं पटतंय. त्येचं आपलं एकच, दूध प्याल्याबिगर ताकद येत न्हाय. रोज सकाळी धार काढली की फेसाळल्याला गिलास घिऊन दारात, आनि रिकामा हुस्तवर हलायचा न्हाय. उंबऱ्यावर बसायचा, म्हशींचं सांगायचा, आई-बाचं सांगायचा, आनि त्यो बसावा म्हनून मी एकेक घोट लांबवायचो. त्येची पाठ फिरली की माझं हाल. मी वाळत चाललो तसा त्यो गिलास मोठा करत चालला. लेक आलती, तिनं बघितलं आनि माझ्यासंगं भांडली, आबा, मरायचं हाय का, सांगा की त्येंला.

मग सांगितलं एक दिवशी. अण्णा, दूधच माझ्या पोटाला बाधतंय. त्येनं पुढं केल्याला गिलास मागं घेतला. माझ्या म्हशीचं दूध? येवढंच म्हनला, आनि भरल्याला गिलास तसाच घिऊन गेला.

तवापासनं दारात आला न्हाय. राग न्हाय हो त्येला, मला म्हाईत हाय. म्हशी घिऊन हितनंच जातोय, बरं हाय का म्हनतोय, थांबत न्हाय. भावाच्या दारात मोकळ्या हातानं यायचं कसं, ह्येच त्येला ठावं न्हाय.

मी आता सुधारलोय. डॉक्टरीणबाई म्हनत्यात उरल्यालं आतडं गेल्याल्याचं काम हळूहळू शिकतंय, येळ लागतोय. अंग धरतंय, खरं एकटं लई वाटतंय बघा. सकाळचं दार उघडून बसतोय. काल म्हशी आल्या तशी हाक मारली, अण्णा, नुस्ता ये की. त्यो म्हनला, म्हशी पुढं गेल्या की रं, आनि गेला. जाऊ दे. त्येच्या म्हशी सुखात ऱ्हाऊ देत. उद्या परत हाक मारतो.